छोट्या मेल सर्व्हरसाठी राउटर की फायरवॉल? सोलापुरातल्या कारखानदारांसाठी पायरीपायरीने

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल, चादर, युनिफॉर्मचा कारखाना आहे, ऑफिसात वीस-तीस मेलबॉक्स आहेत आणि मेल सर्व्हर स्वतःचा आहे, अशा मालकांसाठी आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. स्वतःचा सर्व्हर ठेवण्याची कारणं रास्त असतात. डिझाइनच्या फायली जड असतात, दर मेलबॉक्समागे दरमहा भाडं भरायचं नसतं आणि परदेशी ग्राहकांशी झालेला जुना पत्रव्यवहार आपल्या ताब्यात हवा असतो.

दुकानात राउटर मागितला की वेग आणि अँटेना यांचंच बोलणं होतं. तीस माणसांच्या मेलला वेग फारसा लागत नाही. आजचा कुठलाही बरा राउटर १०० एमबीपीएसची लाइन सहज पेलतो. मेल सर्व्हरपुढच्या राउटरकडून मला मुख्यतः दोन कामं हवी असतात. कारखान्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला त्याने तुमच्या सार्वजनिक आयपीवरून (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून) मेल पाठवू देता कामा नये. आणि बाहेरून जो कोणी येतो त्याचा खरा पत्ता सर्व्हरपर्यंत पोहोचला पाहिजे. ही दोन कामं चोख करणारा साधा राउटर, ती चुकवणाऱ्या महागड्या फायरवॉलपेक्षा केव्हाही चांगला.

पायरी १: राउटरच्या आधी लाइन तपासा

लाइन योग्य नसेल तर कितीही चांगला राउटर घेतला तरी मेल नीट चालणार नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी इंटरनेट कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या.

लाइनला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी हवा, आणि तो खरोखर सार्वजनिक हवा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) आहात; बाहेरून कोणीही तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणार नाही. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मध्ये आणखी एक राउटर बसलेला आहे. बहुतेक वेळा तो, फायबर जिथे येऊन संपतं त्या ओएनटी डब्यातलाच असतो. कंपनीला तो डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देण्यावर, टाकायला सांगा आणि पीपीपीओई (इंटरनेट जोडणीचं) लॉगिन आपल्या राउटरवर घ्या. दोन-दोन नॅट ठेवून मेल सर्व्हर चालवायला जाऊ नका.

पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो क्रमांकाचा दरवाजा, आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही बाजूंनी उघडा हवा. अनेक कंपन्या घरगुती प्लॅनवर तो बंद ठेवतात आणि बिझनेस प्लॅनवर विनंती केल्यावर उघडतात.

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, तुमच्या मेल सर्व्हरच्या नावाने करून घ्या. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही. आयपी ज्याचा आहे त्या कंपनीलाच ती करावी लागते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले, त्यात योग्य पीटीआर, तसंच एसपीएफ (तुमचा मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) असणं सगळ्यांना बंधनकारक आहे. पीटीआर नसेल तर तुमचं कोटेशन स्पॅममध्ये जाईल किंवा परत येईल.

चौथी गोष्ट, मिळालेला आयपी आधीच काळ्या यादीत नाही ना हे बघा. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे असतात, आणि तुमचा स्टॅटिक आयपी त्यातच पडलेला असू शकतो. असेल तर नाव काढून घ्या, नाहीतर कंपनीकडून दुसरा आयपी मागा.

यातलं काही मिळतच नसेल तर हट्ट धरू नका. येणारा मेल सर्व्हरवर घ्या आणि जाणारा मेल, तो तुमच्या वतीने पुढे पाठवणाऱ्या एखाद्या रिले सेवेतून पोर्ट ५८७ वरून पाठवा. बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर सार्वजनिक आयपी असलेला छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन तिथून कारखान्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका. दोन्ही मार्ग व्यवस्थित चालतात.

पायरी २: काय उघडं ठेवायचं ते कागदावर लिहा

ही यादी छोटी असते, आणि ती आधी लिहून ठेवली की राउटरवर भलतं काही उघडलं जात नाही.

सगळ्या जगासाठी फक्त पोर्ट २५ उघडा, कारण दुसरे मेल सर्व्हर त्यावरच येतात. कर्मचाऱ्यांना मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७ आणि वाचायला ९९३ पुरतो. ११० आणि १४३ बाहेरून उघडायची आज काहीच गरज नाही. वेबमेल हवं असेल तर ४४३. प्रमाणपत्रासाठी लेट्स एन्क्रिप्ट वापरत असाल तर एकतर ८० उघडा किंवा डीएनएसवरून पडताळणी करा. मला दुसरा मार्ग पसंत आहे, त्यात एक पोर्ट वाचतो. एसएसएच (सर्व्हरवरचं दुरून लॉगिन), राउटरचं ॲडमिन पान, मेल सर्व्हरचं ॲडमिन पॅनेल, टॅलीचा रिमोट डेस्कटॉप हे बाहेरून अजिबात दिसता कामा नये. त्यासाठी व्हीपीएन ठेवा.

देशानुसार अडवणूक करायची का, हे बरेच जण विचारतात. पोर्ट २५ वर कधीच करू नका. तुमचा ग्राहक जर्मनीत असला तरी त्याचा मेल कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून येईल हे सांगता येत नाही. ९९३, ४६५, ५८७ आणि वेबमेल मात्र भारतापुरते ठेवायला हरकत नाही. पासवर्ड ओळखण्याचे बहुतेक प्रयत्न तिथेच कमी होतात. फक्त जानेवारीत मालक फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला गेले की हॉटेलात त्यांचा मेल उघडणार नाही. निघण्याआधीच त्यांच्या फोनवर वायरगार्ड घालून द्या.

पायरी ३: राउटरमध्ये काय तपासायचं

सगळ्यांत आधी खऱ्या पत्त्याची बाब. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या सर्व्हरकडे वळवताना, राउटरने फक्त जाण्याचा पत्ता बदलायचा असतो. कुठून आला तो पत्ता जसाच्या तसा राहिला पाहिजे. काही राउटर, आणि चुकीने लिहिलेले मास्करेडचे (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून राउटरचा लावणारे) नियम, येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनवर स्वतःचाच पत्ता चिकटवतात. मग पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं जग १९२.१६८.१.१ वरून, म्हणजे राउटरवरूनच, येताना दिसतं.

याचे परिणाम फार वाईट होतात. स्कॅनर आणि प्रिंटरला पासवर्डशिवाय मेल पाठवता यावा म्हणून पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ या विश्वासाच्या पत्त्यांच्या यादीत १९२.१६८.१.० चा अख्खा पट्टा टाकलेला असतो. राउटर त्याच पट्ट्यात बसतो, म्हणजे आता बाहेरचा प्रत्येक माणूस सर्व्हरला घरचा वाटतो आणि त्याला पासवर्डशिवाय वाटेल तिकडे मेल पाठवता येतो. सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कोणाचाही मेल पुढे पाठवणारा, झाला. स्पॅम करणारी मशीन्स असे सर्व्हर सतत शोधत असतात. दुसरीकडे फेल-टू-बॅन हे सॉफ्टवेअर चुकीचे पासवर्ड मोजून आयपी अडवायला जातं आणि तुमच्या राउटरलाच अडवतं, की सगळ्यांचा मेल बंद. एसपीएफची तपासणी आणि काळ्या यादीची तपासणी खऱ्या पत्त्यावरच चालत असल्याने त्याही निकामी होतात.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हे बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं. ऑफिसातल्या फोनवर मेल उघडत नाही म्हणून कोणीतरी मास्करेडच्या नियमातली ‘आउट इंटरफेस’ची (नियम फक्त बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला लावणारी) अट काढून टाकतो. फोनवर मेल सुरू होतो, सगळे खूश होतात, आणि सर्व्हर मागच्या बाजूने उघडा पडतो. ती अट कधीही काढू नका. मेल सर्व्हर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेत) असेल तर हाच घोटाळा डॉकरच्या पातळीवरही होऊ शकतो, त्यामुळे राउटर बरोबर असला तरी लॉग बघायलाच हवा.

त्यानंतर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे नियम. राउटरवर ‘पोर्ट २५ बाहेर फक्त या एका अंतर्गत पत्त्यावरून’ असा नियम लिहिता आला पाहिजे. बरेच घरगुती राउटर येणारं अडवतात आणि जाणारं सगळं सोडतात. डिस्पॅचच्या टेबलावरच्या एखाद्या जुन्या विंडोज मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि तो मेल फेकू लागला, तर बाहेरच्या जगाला तो तुमच्या मेल सर्व्हरच्याच आयपीवरून आलेला दिसतो. सर्व्हर निर्दोष असतो, पण आयपी काळ्या यादीत जातो, आणि मग शिपमेंटची कागदपत्रं ग्राहकापर्यंत पोहोचत नाहीत.

तिसरं, सर्व्हरसाठी वेगळं नेटवर्क. त्याला स्वतःचा भौतिक पोर्ट किंवा व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळं काढलेलं नेटवर्क) मिळाला पाहिजे आणि त्या दोन नेटवर्कांमध्ये नियम लावता आले पाहिजेत. घरगुती राउटरवर ‘डीएमझेड होस्ट’ नावाचा पर्याय असतो, त्याला भुलू नका. तो सर्व्हर वेगळा काढत नाही. उलट त्या सर्व्हरचे सगळेच पोर्ट जगापुढे उघडतो आणि सर्व्हर ऑफिसच्याच नेटवर्कात राहतो.

आणखी एक गोष्ट एंटरप्राइज फायरवॉलवाल्यांसाठी. काही फायरवॉल एसएमटीपीची (मेल सर्व्हरांमधली) बोलणी मधूनच वाचतात आणि ‘सुधारतात’. सिस्कोच्या जुन्या पिक्स आणि नंतरच्या एएसए फायरवॉलवर हे प्रसिद्ध आहे: बाहेरून पोर्ट २५ ला जोडलं की सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीत २२० नंतर नुसते तारे दिसतात, आणि स्टार्टटीएलएसची (एन्क्रिप्शन सुरू करता येतं ही) घोषणाही पुसली जाते. म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेल्या यंत्रामुळे तुमचा मेल उघड्यावर, एन्क्रिप्शनशिवाय प्रवास करतो. सेकंडहँड फायरवॉल घेत असाल तर ही तपासणी बंद करता येते का ते आधी विचारा.

स्थायी कनेक्शनची मुदतही बघा. फोनवर मेल लगेच दिसावा म्हणून आयमॅपचं (मेल वाचण्याचं) कनेक्शन बराच वेळ गप्प उघडं राहतं. इंटरनेटच्या मानकानुसार फोनने ते किमान दर २९ मिनिटांनी ताजं करायचं असतं. राउटर त्याआधीच कनेक्शन विसरत असेल तर ‘मेल उशिरा येतो’ ही तक्रार कायमची मागे लागते. नॅटसाठीच्या आरएफसी ५३८२ या मानकात ही मुदत किमान २ तास ४ मिनिटं सांगितलेली आहे.

फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, लॉग बाहेरच्या सिसलॉगला (लॉग जमा करणाऱ्या मशीनला) पाठवता येतात का, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर फायरवॉल चालतो का, हेही विचारून घ्या. आयपीव्ही६ मध्ये नॅटचा आडोसा नसतो. नियम लिहिले नसतील तर सर्व्हर थेट बाहेर असतो. सांभाळायला माणूस नसेल तर मेल सर्व्हरला सध्या आयपीव्ही६ देऊच नका.

राहिला सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या केबिनमध्ये त्याहून जास्त असतो. बऱ्याच घरगुती राउटरच्या कागदावर कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. त्यातून लूमच्या खात्यातून उडणारे सुताचे तंतू पंख्यात आणि जाळीत अडकतात. म्हणून पंखा नसलेलं, धातूच्या आवरणाचं आणि ५०-६० अंश सोसणारं यंत्र घ्या, आणि ते लूमच्या शेडमध्ये न ठेवता ऑफिसच्या भिंतीवर उंच लावा.

पायरी ४: मग घ्यायचं काय

इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला डबा मेल सर्व्हरपुढे ठेवू नका. तो कंपनीच्या ताब्यात असतो, त्याचे अपडेट तुमच्या हातात नसतात आणि बाहेर जाण्याचे नियम त्यावर सहसा लिहिता येत नाहीत.

वीस-तीस मेलबॉक्ससाठी माझी पहिली पसंती मायक्रोटिकच्या छोट्या राउटरला, हेक्स किंवा वायफाय हवं असेल तर हॅप एएक्स-टू. पाच पोर्ट, पंखा नाही, प्रत्येक पोर्ट वेगळा करता येतो, आणि वर सांगितलेले सगळे नियम लिहिता येतात. हा राउटर १२ व्होल्टवरही चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी छोट्या डीसी यूपीएसवर निभतो. अडचण एकच, तो शिकावा लागतो. ज्याला ते येतं असा माणूस सोलापुरातच असेल तरच घ्या. पुण्याहून फोनवर सांभाळायच्या भरवशावर नको.

महिन्यातून एकदा बसून लॉग वाचणारं कोणी असेल तर चार लॅन पोर्टांचा, पंखा नसलेला मिनी पीसी आणि त्यावर ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर ही सुंदर जोडी आहे. वर्षातून दोन मोठी व्हर्जन येतात, लॉग वाचायला सोपे आहेत, नियम डोळ्यांना दिसतात. मिनी पीसी घेताना इंटेलचे लॅन चिप बघा. रियलटेकवर कुरबुरी होतात. घरी चांगला राउटर पडून असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं पर्यायी सॉफ्टवेअर) बसत असेल तर तोही चालतो.

फोर्टिगेट किंवा सोफोसचा छोटा फायरवॉल चांगला असतो, पण त्याची किंमत दरवर्षीच्या लायसन्समध्ये असते. लायसन्स संपलं की धोक्यांच्या नव्या नोंदी थांबतात. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये असा फायरवॉल मागितला असेल आणि दरवर्षीचं नूतनीकरण बजेटमध्ये बसत असेल तरच घ्या. पहिल्या वर्षीच्या सवलतीत घेऊन दुसऱ्या वर्षी लायसन्स सोडणार असाल तर तेच पैसे बॅकअपवर घाला.

महाग घेतलं म्हणजे अपडेट न करता चालेल असंही नाही. मायक्रोटिकच्या विनबॉक्स या ॲडमिन साधनात २०१८ साली मोठं भोक सापडलं. दुरुस्ती आधीच आलेली असूनही ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, त्यांच्या राउटरमध्ये पुढे महिनोन्‌महिने शिरकाव होत राहिला. सोफोसच्या फायरवॉलवर २०२० मध्ये हल्ला झाला, फोर्टिनेटच्या एसएसएल व्हीपीएनमध्ये २०२२ आणि २०२४ मध्ये गंभीर त्रुटी निघाल्या. कुठलीही कंपनी घ्या, ॲडमिन पान बाहेरून बंद ठेवा.

पायरी ५: बसवण्याचा क्रम

इंटरनेटची वायर लावण्याआधी नवा फर्मवेअर टाका, मूळ ॲडमिन नाव आणि पासवर्ड बदला, यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. मग एक भौतिक पोर्ट ब्रिजमधून, म्हणजे एकत्र जोडलेल्या पोर्टांच्या गटातून, काढून सर्व्हरला द्या आणि त्याला वेगळा पट्टा द्या, समजा १९२.१६८.५०. ऑफिस आणि वायफाय दुसऱ्या पट्ट्यात, सीसीटीव्ही तिसऱ्यात.

आता नियम. ऑफिसकडून सर्व्हरकडे फक्त मेलचे पोर्ट. सर्व्हरकडून ऑफिसकडे काहीच नाही. सर्व्हर उद्या हॅक झाला तरी टॅलीच्या मशीनपर्यंत कोणी पोहोचणार नाही. बाहेर पोर्ट २५ फक्त सर्व्हरला, बाकी सगळ्यांना बंद आणि त्या बंद नियमावर लॉग चालू. कुठल्या मशीनने प्रयत्न केला हे त्या लॉगमध्ये लगेच कळतं, आणि व्हायरस शोधायचा तो सगळ्यांत सोपा उपाय आहे.

सर्व्हरला बाहेर २५ शिवाय डीएनएस, वेळ जुळवायला एनटीपी आणि अपडेटसाठी ४४३ एवढंच द्या. रिले सेवा वापरत असाल तर तिच्याकडे जाणारा ५८७ त्यात धरा. डीएनएससाठी सर्व्हरवरच अनबाउंड (डीएनएसची उत्तरं स्वतः शोधणारं सॉफ्टवेअर) बसवा. गूगलचा ८.८.८.८ हा डीएनएस वापरलात तर स्पॅमहाउसची फुकट यादी नीट उत्तर देत नाही, आणि स्पॅम का वाढला हे कळायला आठवडे जातात.

ऑफिसच्या वायफायवर फोनचा मेल उघडत नसेल तर नॅटशी खेळू नका. ऑफिसच्या डीएनएसमध्ये मेल सर्व्हरच्या नावाला त्याचा अंतर्गत पत्ता द्या. फोन बाहेर असला की सार्वजनिक पत्ता घेईल, आत आला की आतला.

दोन लाइन असणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघावं. पहिली लाइन पडली की राउटर सगळं दुसऱ्यावर ढकलतो. सर्व्हरचा जाणारा मेलही मग दुसऱ्या आयपीवरून निघतो. तिथे पीटीआर नाही, एसपीएफमध्ये तो आयपी नाही, बहुधा तो काळ्या यादीतही असतो. सर्व्हरचा पोर्ट २५ पहिल्या लाइनलाच बांधून टाका आणि दुसऱ्यावर बंद ठेवा. मेल रांगेत थांबेल. पोस्टफिक्स पाच दिवस वाट बघतो, आणि तुमच्याकडे येणारा मेलही पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा आणून बघतात. दोन तास लाईट गेली म्हणून मेल हरवत नाही. यूपीएस लावताना ओएनटी, राउटर, स्विच आणि सर्व्हर असे चारही त्यावर घ्या. ओएनटी हमखास राहून जातो.

पायरी ६: बाहेरून तपासा

फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप बाहेरच्या जगात न्या आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने आपला सार्वजनिक आयपी सगळ्या पोर्टांसह तपासा. कागदावरच्या यादीपेक्षा एकही पोर्ट जास्त दिसला तर तो कोणी उघडला ते शोधा.

मग जीमेलवरून एक मेल पाठवा आणि पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘कनेक्ट फ्रॉम’ची ओळ वाचा. तिथे गूगलच्या सर्व्हरचं नाव आणि बाहेरचा आयपी दिसला पाहिजे. तुमच्या राउटरचा अंतर्गत पत्ता दिसला तर सर्व्हर त्याच क्षणी बाहेरून बंद करा आणि मास्करेडचा नियम दुरुस्त करूनच उघडा. पासवर्ड न देता बाहेरून तिसऱ्याच डोमेनला मेल पाठवायचाही प्रयत्न करा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असं उत्तर यायला हवं.

ऑफिसातल्या एका साध्या मशीनवरून बाहेरच्या कुठल्याही मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला जोडून बघा. जोडलं जाता कामा नये. शेवटी पहिल्या लाइनची वायर काढा, एक मेल पाठवा, तो रांगेत थांबतो का बघा, वायर लावल्यावर निघतो का बघा.

पायरी ७: सांभाळणं

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. राउटरमध्ये लॉगला जागा नसते, म्हणून ते सिसलॉगने दुसऱ्या मशीनवर पाठवा. निर्यातदारांना याचा प्रत्यक्ष उपयोग असतो. मेलबॉक्स फोडून ग्राहकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल पाठवणारे चोर याच धंद्याच्या मागे असतात, आणि कोणी कधी कुठून लॉगिन केलं हे सायबर पोलिसांना दाखवायला लॉगच लागतो. फायरवॉल अशा चोराला अडवू शकत नाही, कारण त्याच्याकडे खरा पासवर्ड असतो. वेबमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावणं हे त्याचं उत्तर.

दर महिन्याला फर्मवेअर बघा, बंद नियमाचा लॉग वाचा, आयपी काळ्या यादीत आहे का तपासा. प्रत्येक बदलानंतर राउटरची सेटिंग फाइल काढून सर्व्हरबाहेर ठेवा. ॲडमिन पासवर्ड मालकाकडे बंद पाकिटात असू द्या, आणि नेटवर्क बघणारा माणूस बदलला तर त्याच दिवशी तो पासवर्ड आणि त्याची व्हीपीएनची किल्ली दोन्ही बदला.